वेताळाची टेकडी आणि तिच्या पायथ्याची गावे

डोंगर म्हटला की आपल्याला सिंहगड आठवतो, राजगड आठवतो, तोरणा आठवतो. ज्याच्या अंगाखांद्यावर इतिहास घडला तो डोंगर, अशी आपली समजूत असते. ती काही चुकीची नाही. पण आपल्या मुलखात जवळजवळ प्रत्येक गावाच्या शिवेवर एखादे लहानसे टेकाड उभे असते. त्याला ना तट, ना बुरूज. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे नाव नाही. माथ्यावर फार तर एक म्हसोबा किंवा वेताळ, नाहीतर शेंदूर फासलेला नुसता धोंडा. गुरे तिकडे चरायला जातात, पोरे करवंदे खायला जातात, आणि मोठी माणसे म्हणतात, "त्या टेकाडावर आहे काय? नुसता दगड!"

त्या नुसत्या दगडाबद्दल आज तुमच्याशी बोलायचे आहे. नमुना म्हणून मी पुण्याची वेताळ टेकडी घेतली आहे. तुम्ही म्हणाल, पुण्याच्या टेकडीशी आम्हा खेड्यातल्या माणसांचे काय काम? काम आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही टेकडीही तुमच्या टेकडीसारखीच खेड्यांच्या मधोमध उभी होती. ती खेडी आज राहिली नाहीत. टेकडी मात्र अजून आहे. खेड्यांचे काय झाले हे सांगायला तीच एक साक्षीदार उरली आहे. तिची साक्ष आपण ऐकून ठेवलेली बरी.

आधी टेकडीवर चढू या. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढ जेमतेम अडीचशे मीटरचा. रोजच्या सवयीचा माणूस तासाच्या आत वर पोचतो. वर वेताळाचे देऊळ आहे. वेताळ हा आपल्याकडे गावाचा राखणदार. रात्री तो शिवेवरून फेरी घालतो, असे जुनी माणसे सांगत. ज्या उंचवट्यावरून चारी दिशांची शिवारे दिसतात, तिथे राखणदाराला बसवायचे, ही त्यामागची साधी सोय. त्या राखणदाराशेजारी उभे राहून आपणही चारी दिशांना नजर टाकू.

पूर्वेला बघा. पलीकडे मुठा नदी. नदी आणि टेकडी यांच्यामधल्या पट्ट्यात दोन गावे होती, एरंडवणे आणि भांबुर्डे. भांबुर्डे हे नाव आज पुण्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल? त्याचे शिवाजीनगर झाले. या भांबुर्ड्यात पाताळेश्वराचे लेणे आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, जमिनीतला अखंड कातळ कोरून ते केले. ज्या दगडाला आपण 'नुसता' म्हणतो, त्याच काळ्या दगडाचे ते काम.

पूर्वेच्या उतारावर फर्ग्युसन कॉलेजामागची हनुमान टेकडी आहे. ती वेताळ टेकडीचाच एक फाटा. कॉलेज १८८५ साली सुरू झाले. १२ जून १९०५ या दिवशी गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, ती या कॉलेजामागच्या टेकडीवर. देशसेवेची शपथ घ्यायला त्यांनी मोठे सभागृह शोधले नाही, उघडी टेकडी निवडली. पायथ्याला १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. तिथल्या पंडितांनी महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या ताडून पाहिल्या आणि चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. १९२४ साली शेजारी विधी महाविद्यालय निघाले. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, आणि १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट तिने इथेच काढला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी तो गावच्या जत्रेत तंबूत बसून पाहिला असेल. त्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली.

आता उत्तरेला वळू. तिकडे चतुःशृंगीचे देऊळ आहे. आख्यायिका अशी की, पुण्याचा एक सावकार दर वर्षी वणीच्या सप्तशृंगीला जाई. म्हातारपणी त्याला जाणे होईना, तेव्हा देवीच त्याच्यासाठी या टेकडीवर आली. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते. देवळाच्या पलीकडे गणेशखिंड. तिथे इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले, ते याच आवारात.

पश्चिमेला पाषाण. गावाच्या नावातच दगड! पाषाणचा तलाव राम नदीवर बांधला आहे. गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी जाई ते या तलावाचे. जवळच १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. नैर्ऋत्येला बावधन. आणि दक्षिणेला कोथरूड. कोथरूडच्या पलीकडे हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. सुरुवातीला तिथे होती फक्त एक झोपडी. कर्वे दिवसा कॉलेजात गणित शिकवीत आणि चिखल तुडवीत पायी हिंगण्याला जात. तो तेव्हा शहराबाहेरचा ओसाड माळ होता, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

श्रोतेहो, एका लहानशा टेकडीभोवती एवढा पसारा! विद्या, देव, नाटक-सिनेमा, देशसेवा, स्त्रीशिक्षण, सगळे तिच्या पायथ्याशी. शिक्षक मित्रांना आणखी एक गोष्ट सांगतो. तुमच्या वर्गातली पुस्तके जिथे तयार होतात ती बालभारती १९६७ साली स्थापन झाली. तिचे कार्यालयही याच टेकडीच्या पायथ्याला आहे.

पण या सगळ्या संस्था येण्याच्या आधीपासून टेकडी एक काम करीत होती, आणि तेच तिचे मुख्य काम. ते म्हणजे पाणी मुरवण्याचे.

आपला दख्खनचा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला, पसरला, निवला. पुन्हा आला, पुन्हा निवला. भाकरीवर भाकरी रचावी तसे थरावर थर बसले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पायऱ्या दिसतात. काही थर टणक, घणाने फुटायचे नाहीत. काही ठिसूळ, बारीक भोके पडलेले, ज्यांचा मुरूम होतो. पावसाचे पाणी गवताच्या मुळांशी थबकते, भेगांतून खाली उतरते, ठिसूळ थरात साठते. खाली टणक थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही. मग ते आडवे सरकते आणि उताराच्या पोटात कुठेतरी पाझर होऊन बाहेर पडते, नाहीतर पायथ्याच्या विहिरीत उतरते.

हिशेब करून बघा. पुण्याला वर्षाला साधारण ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. एक एकर जमिनीवर एवढा पाऊस पडला तर ते पाणी भरते सुमारे २८ लाख लिटर. हेक्टरी ७० लाख लिटर. ते सारेच काही मुरत नाही. काही वाहून जाते, काही उन्हाने उडून जाते. पण गवत आणि झुडपे शाबूत असतील तर ते सावकाश वाहते, आणि सावकाश वाहणाऱ्या पाण्याला जमीन आत घेते. टेकडी उघडीबोडकी केली किंवा तिच्यावर सिमेंट ओतले, की तेच पाणी तासाभरात ओढ्याला लागते. जाताना माती घेऊन जाते आणि खाली माणसांच्या घरात शिरते.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा डोंगर आहे. तिकडून आंबील ओढा शहरात येतो. वर्षभर लोकांना वाटे, हा काय, एक गटार. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठा पाऊस झाला आणि त्या 'गटारा'ने आपण ओढा असल्याचे दाखवून दिले. भिंती पडल्या, मोटारी वाहून गेल्या, माणसे दगावली. ओढ्याचे पात्र माणूस विसरला तरी पाणी विसरत नाही.

आता वेताळ टेकडीच्या गावांचे काय झाले ते ऐका. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. शहर नदी ओलांडून पश्चिमेकडे सरकतच होते. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेच्या काठचे निम्मे गाव पाण्यात गेले. हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. त्यांच्यासाठी नव्या वसाहती उभारल्या, त्यांतली एक वेताळ टेकडीच्या पायथ्याला, गोखलेनगर. नदीने घर नेले तेव्हा टेकडीने आसरा दिला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे शहराचा वेग वाढला. कोथरूडच्या शेतात बंगले आले, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. एरंडवण्याची शेती नकाशावरून पुसली गेली. टेकडीच्या अंगावर मोटारगाड्यांची परीक्षा घेणारी संस्था आली. माथ्याजवळ दगडाची मोठी खाण निघाली. सुरुंग लावून दगड फोडला आणि खाली नेला. खाण पुढे बंद पडली. आज त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते आणि पाखरे तिथे पाण्याला उतरतात. माणसाने केलेल्या जखमेचाही टेकडीने उपयोग करून घेतला!

हे बदल कोणी दुष्टाव्याने केले असे मी म्हणत नाही. माणसांना घरे हवी होती, घरांना दगड हवा होता. शेत विकणाऱ्या शेतकऱ्यालाही मुलीचे लग्न होते, मुलाचे शिक्षण होते. पण एक गोष्ट कोणी केली नाही. गाव बदलण्याआधी गावात काय काय आहे, ते कोणी लिहून ठेवले नाही. कोणता ओढा कुठून निघतो, कोणती विहीर कोणत्या पाझरावर जगते, गायरान कुठून कुठपर्यंत, हे सारे म्हाताऱ्यांच्या तोंडी होते. म्हातारे गेले, त्यांच्याबरोबर तेही गेले. मग नकाशावर ज्याचे नाव नाही ते अस्तित्वातच नाही, असे धरून रेघा मारल्या गेल्या.

नोंद नसली की भले करणाऱ्यांचाही हात चुकतो. वेताळ टेकडी मूळची गवताळ. मधून मधून खैर, धावडा, पळस, बोर, करवंदाच्या जाळ्या. तिथे झाडे हवीत म्हणून गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, मोठी लागवड झाली. टेकडी हिरवी दिसू लागली खरी. पण हे झाड परमुलखातले. भराभर वाढते, इथल्या गवताला आणि झुडपांना जागा देत नाही. चंडोलासारखी पाखरे मोकळ्या गवतात घरटी करतात. गवत गेले की ती जातात. झाड लावणे पुण्याचे काम आहे. पण जिथे निसर्गाने गवत ठेवले आहे तिथे गवतच राखणे, हेही तितकेच पुण्याचे काम आहे.

आजही ही टेकडी कोणा एकाची नाही. काही भाग वनखात्याचा, काही संस्थांचा, काही खाजगी. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढायचा, असा बेत कितीतरी वर्षांचा आहे. वाहतुकीची कोंडी फुटेल, असे रस्ता हवा म्हणणारे सांगतात. टेकडी फुटेल, असे रस्ता नको म्हणणारे सांगतात. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात टेकडी वाचवण्यासाठी पुण्याचे लोक मोठ्या संख्येने पायी निघाले. त्यांत सकाळी फिरायला जाणारे म्हातारे होते, शाळेतली मुले होती. ज्या गावांची ही टेकडी होती ती गावे उरली नाहीत. पण शहरातल्या माणसांना तिचे मोल कळले. उशिरा कळले, पण कळले. पायथ्याच्या हमरस्त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहात त्यांनी पुढारीपण केले. जमिनीसाठी लढलेल्या माणसाचे नाव त्या टेकडीच्या पायाशी असावे, हे योग्यच झाले.

श्रोतेहो, पुण्याला जे उशिरा कळले ते एका खेड्याला वेळेवर कळले, त्याची गोष्ट सांगतो. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार हे गाव आहे. पाऊस पुण्याहूनही कमी. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसे कामासाठी गाव सोडून चाललेली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० च्या सुमारास, गावाने ग्रामसभेत बसून ठरवले, डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि गुरे मोकाट सोडायची नाहीत. मग उतारावर समान उंचीने चर खणले, बांध घातले. गवत आले. गवतामागून पाणी आले, पाण्यामागून दूध आले, आणि गेलेली माणसे परत आली. तिथे कोणी जादू केली नाही. आपल्या टेकडीचे काम काय, हे त्या गावाने ओळखले, एवढेच.

मग आपण काय करायचे? विशेषतः शिक्षक मित्रहो, हे तुमच्यासाठी आहे.

वेताळ टेकडीच्या पायथ्याशी लहानपण गेलेला एक मुलगा टेकडीवरची पाखरे बघत मोठा झाला. पुढे तो नामवंत शास्त्रज्ञ झाला. त्यांचे नाव माधव गाडगीळ. गावातल्या झाडाझुडपांची, पाखरांची, पाण्याची माहिती गावकऱ्यांनीच लिहून ठेवावी, ही कल्पना रुजवणाऱ्यांत ते पुढे होते. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने तिला सरकारी आधार मिळाला. ग्रामपंचायतीची समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात बंद असते. तिला बाहेर काढायचे काम शाळा करू शकते.

पहिले काम. मृगाचा पाऊस झाला की मुलांना टेकडीवर न्या. पाणी कुठून वाहते, कुठे थांबते, कुठे नाहीसे होते, ते डोळ्यांनी पाहू द्या. शाळेत आल्यावर नकाशा काढा. सुबक नसला तरी चालेल, खरा असावा.

दुसरे काम. गावातल्या आजी-आजोबांना शाळेत बोलवा. प्रत्येक ओघळीला, प्रत्येक खडकाला, प्रत्येक पायवाटेला नाव असते. ती नावे विचारा आणि लिहून घ्या. भांबुर्ड्याचे जे झाले ते आपल्या नावांचे होऊ नये.

तिसरे काम. गावातल्या पाच विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजा आणि फळ्यावर मांडा. तीन वर्षांचे आकडे जमले की टेकडी आणि विहीर यांचे नाते मुले तुम्हालाच समजावून सांगतील.

चौथे काम थोरांचे. टेकडी सातबाऱ्यावर कोणाच्या नावाने आहे, गायरान किती आहे, याची तलाठ्याकडे चौकशी करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढून त्या गावाला परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना बजावले आहे. पण गायरान किती, हे ज्या गावाला ठाऊक नाही, ते गाव काय परत मागणार?

श्रोतेहो, तुमच्या गावाजवळून उद्या मोठा रस्ता जाईल, कारखाना येईल, जमिनीला भाव येईल. येऊ द्या. गावाने तसेच गरीब राहावे असे कोणीच म्हणणार नाही. पण जमिनीचे व्यवहार ठरायला लागतील त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या टेबलावर मुलांनी काढलेला तो नकाशा असू द्या. रस्ता कुठून न्यायचा, घरे कुठे बांधायची आणि कुठे नाही, हे तो सांगेल. वेताळ टेकडीच्या गावांजवळ असा नकाशा नव्हता. तुमच्या गावाजवळ असावा. नकाशाचे काम सुरू करायला येता पावसाळा चांगला आहे.